फोन रूट केला तर वॉरंटी जाते का? म्हापशाच्या दुकानातून एक लांबलचक उत्तर

डिचोलीच्या एका मुलाने विचारलंय, पॉलिटेक्निकला आहे तो, त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "काका, बाबांनी चवथीला नवा फोन घेऊन दिला, पाच महिने झाले, आत नको ती ॲप्स भरलेली आहेत आणि ती काढता येत नाहीत. एक मित्र म्हणतो रूट कर, दुसरा म्हणतो रूट केलास की वॉरंटी गेली, तिसरा म्हणतो अनरूट केलं की वॉरंटी परत येते. खरं काय?"

हे बघ, तुझे तिन्ही मित्र थोडे थोडे बरोबर आहेत आणि म्हणूनच गोंधळ होतो. मी म्हापशाला १४ वर्षं रिपेरिंगचं दुकान चालवतोय आणि त्याच्या आधी ४ वर्षं पणजीला एका कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर बसायचो, म्हणजे "हे वॉरंटीत बसत नाही" हे वाक्य मी स्वतः कितीतरी लोकांना ऐकवलंय आणि आता तेच वाक्य ऐकून आलेली माणसं माझ्याकडे येतात. दोन्हीकडून बघितलंय म्हणून जरा लांब लिहितो, निवांत वाच.

आधी रूट म्हणजे काय ते नीट समजून घे कारण बरेच जण दोन वेगळ्या गोष्टी एकच समजतात. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे आणि लिनक्समध्ये सगळ्यात वरचा जो यूजर त्याला रूट म्हणतात, त्याला फोनमधली कुठलीही फाइल बदलता येते. कंपनी फोन देते तेव्हा हा अधिकार तुला देत नाही. तो मिळवायचा म्हणजे आधी बूटलोडर अनलॉक करायचा, फोन सुरू होताना जो पहिला प्रोग्रॅम चालतो आणि पुढचं सॉफ्टवेअर कंपनीचंच आहे ना हे तपासतो तो बूटलोडर. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, तिथे ओईएम अनलॉकिंग चालू करायचं, मग फोन कम्प्युटरला लावून फास्टबूटमधून, म्हणजे अँड्रॉइड सुरू होण्याआधीच्या मोडमधून, अनलॉकची कमांड द्यायची, आणि त्या क्षणी फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, फोटो, चॅट सगळं. हे मुद्दाम तसं ठेवलंय, नाहीतर चोराने फोन पळवून अनलॉक करून आतलं सगळं वाचलं असतं. हे झाल्यावर दुसरी पायरी खऱ्या रूटची, आजकाल बहुतेक लोक मॅजिस्क नावाचं टूल वापरतात, जॉन वू नावाच्या मुलाने २०१६ साली बनवलेलं. ते सिस्टमला हात न लावता बूट इमेज, म्हणजे फोन सुरू करणारी फाइल, तेवढी पॅच करतं, आणि अँड्रॉइड १३ घेऊनच बाजारात आलेल्या बऱ्याच फोनांत इनिट-बूट नावाची वेगळी इमेज असते ती पॅच करावी लागते. इथे चुकीची इमेज टाकली की फोन लोगोवर अडकतो.

आता तुझ्या तिसऱ्या मित्राचं उत्तर इथेच मिळतं. मॅजिस्क काढून टाकणं म्हणजे अनरूट, ते पाच मिनिटांत होतं, पण बूटलोडर अनलॉकच राहतो, आणि सर्व्हिस सेंटरवाला बघतो तो बूटलोडरच. फोन चालू करताना स्क्रीनवर इशारा येतो की हा फोन अनलॉक आहे, यातलं सॉफ्टवेअर तपासलं जात नाही, तो काउंटरवरच्या मुलाला तीन सेकंदांत दिसतो. मी होतो तिथे आमची सवयच होती, गिऱ्हाईक तक्रार सांगतंय तोवर फोन एकदा बंद करून चालू करायचा. तो इशारा घालवायचा तर बूटलोडर परत लॉक करावा लागतो, आणि लॉक करण्याआधी फोनमध्ये कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर जसंच्या तसं, त्याच मॉडेलचं आणि त्याच रीजनचं असलं पाहिजे. एखादी इमेज जरी बदललेली राहिली आणि लॉकची कमांड दिलीस तर फोन सुरूच होत नाही, आणि काही फोनांत मग परत अनलॉकही करता येत नाही कारण ओईएम अनलॉकिंगचा स्विच सेटिंगमध्ये आणि सेटिंगपर्यंत फोन पोचतच नाही. वॉरंटी वाचवायला म्हणून घाईघाईत लॉक केलेले असे फोन माझ्याकडे येतात, आणि चांगला चालणारा फोन वॉरंटीच्या भीतीने मेला याचं मला फार वाईट वाटतं.

सॅमसंगची गोष्ट तर अजून वेगळी आहे. २०१३ पासून त्यांच्या गॅलेक्सी फोनांत नॉक्स नावाची सिक्युरिटी आहे आणि तिचा एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज चिपमध्येच असतो. कंपनीचं नसलेलं सॉफ्टवेअर टाकून फोन चालवला की तो फ्यूज उडतो, डाउनलोड मोडमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर टाकायच्या स्क्रीनवर, वॉरंटी बिट शून्याचा एक झालेला दिसतो, आणि मग तू काहीही कर, मूळ सॉफ्टवेअर टाक, लॉक कर, फॅक्टरी रिसेट कर, तो एक परत शून्य होत नाही. बोर्ड बदलला तरच. त्याबरोबर सिक्युअर फोल्डर आणि सॅमसंगचं पेमेंट हे कायमचं बंद. म्हणून कुणी म्हणालं की मी नॉक्स परत आणून देतो तर त्याला पैसे देऊ नको.

बाकी कंपन्यांची तऱ्हा वेगवेगळी. पिक्सेलला कोड लागत नाही, कमांड दिली की झालं. शाओमीत खातं जोडून काही दिवस थांबायला लावतात. मोटोरोला स्वतःच्या साइटवरून कोड देते पण देतानाच सांगते की वॉरंटीवर पाणी सोड. हुआवेने २०१८ मध्ये कोड देणंच बंद केलं. म्हणजे एका कंपनीचा अनुभव दुसरीला लावता येत नाही, आणि मित्राने त्याच्या फोनवर केलं म्हणून तुझ्यावर चालेल असं नाही.

आता वॉरंटीकडे येतो, आणि इथे मला जे मनापासून सांगायचंय ते हे की घरी जाऊन बॉक्समधलं वॉरंटी कार्ड काढ आणि वाच. कुणी वाचत नाही. बॉक्स कपाटावर टाकतात आणि फोन बिघडला की मग शोधतात. त्या कार्डावर सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करण्याबद्दल एक वाक्य बहुधा असतंच, पण ते वाक्य दोन प्रकारचं असू शकतं. एका प्रकारात लिहिलेलं असतं की अनधिकृत फेरफारामुळे झालेला बिघाड या वॉरंटीत येत नाही. दुसऱ्या प्रकारात लिहिलेलं असतं की अनधिकृत फेरफार केल्यास वॉरंटी रद्द होईल. वाचायला सारखीच वाटतात पण जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या वाक्याप्रमाणे तू रूट केलास आणि तुझं व्हॉल्यूमचं बटण खराब झालं तर बटणाचा आणि रूटचा संबंध काय हे कंपनीने सांगायला पाहिजे, नाहीतर दुरुस्त करून द्यायला पाहिजे. दुसऱ्या वाक्याप्रमाणे कंपनी म्हणू शकते की बटण असो की बॅटरी, तू फेरफार केलास, विषय संपला. आणि काउंटरवरचा मुलगा पहिलं वाक्य कार्डावर असलं तरी बोलतो मात्र दुसरंच, कारण त्याला तसंच शिकवलेलं असतं. मलाही तसंच शिकवलं होतं, आणि कार्डावर काय छापलंय हे मी नोकरी लागल्यावर दीड वर्षाने पहिल्यांदा नीट वाचलं.

माझ्या दुकानातली एक गोष्ट सांगतो. पेडण्याची एक मुलगी, मोरजीला हॉटेलात कामाला, तिच्या भावाने तिचा फोन रूट केलेला. आठव्या महिन्यात व्हॉल्यूम अप बटण आपोआप दाबलं जायला लागलं, आतली पट्टी गेलेली, साधं काम. सर्व्हिस सेंटरने बूटलोडर बघितला आणि वॉरंटी नाही म्हणून तोंडी सांगितलं, वर बटणासाठी पैसे सांगितले. ती माझ्याकडे आली. मी तिला म्हटलं मी तीनशे रुपयांत करून देतो पण आधी परत जा आणि त्यांच्याकडून जॉबशीटवर, म्हणजे फोन जमा करताना देतात त्या कागदावर, लिहून घे, की तक्रार काय, तपासणीत काय सापडलं, आणि वॉरंटी कशामुळे नाकारली. लिहून द्यायचं म्हटल्यावर तिथली भाषा बदलली, आधी लिहीत नव्हते, मग लिहिलं फक्त "बूटलोडर अनलॉक". मग आम्ही कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केला, जॉबशीटचा फोटो आणि वॉरंटी कार्डाच्या त्या ओळीचा फोटो जोडला, आणि एवढंच विचारलं की अनलॉक केलेल्या बूटलोडरमुळे बटणाची पट्टी कशी तुटली ते लिहून कळवा. १९ दिवसांनी फोन फुकट दुरुस्त होऊन आला. भांडण नाही, आरडाओरड नाही, फक्त कागद.

पण याच्या उलटही सांगायला पाहिजे, नाहीतर तू अर्धंच ऐकशील. रूटमुळे हार्डवेअरला काहीच होत नाही असं जे म्हणतात ते चूक आहे. रूट केल्याने एकट्याने काही होत नाही हे खरं, पण रूट केल्यावर माणूस शांत बसत नाही ना. गरम झाल्यावर फोन आपला वेग कमी करतो ती मर्यादा काढून टाकतात गेम चालावा म्हणून, चार्जिंगचा करंट वाढवतात, प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा वर पळवतात. आणि आवाज वाढवायला ऑडिओची फाइल बदलतात, त्यात तर लहान स्पीकर काही दिवसांत फाटतो कारण स्पीकर वाचवायची जी मर्यादा कंपनीने ठेवलेली असते तीच उडवलेली असते. एप्रिल-मे मधला आपल्याकडचा उकाडा, फोन मोटरसायकलच्या होल्डरला उन्हात, मॅप चालू, चार्जिंग चालू, आणि वर गरम होण्याची मर्यादा काढलेली, अशी फुगलेली बॅटरी मी उघडलेली आहे, मागचं कव्हर आपोआप उचललं गेलेलं. त्या पोराला मी स्पष्ट सांगितलं की इथे कंपनीचं बरोबर आहे, तू भांडू नको, बॅटरीचे पैसे भर. फोन ब्रिक झाला, म्हणजे चुकीची इमेज टाकून डेड झाला, तर तेही तुझंच काम. आणि सर्व्हिस सेंटर डेड फोनला बरेचदा सरळ बोर्ड बदलायला सांगतं, बोर्डाची किंमत फोनच्या निम्म्याच्या आसपास जाते, कधी त्याच्याही वर.

म्हणून मी नेहमी एकच विचारतो, बिघाड कशामुळे झाला? रूट केलेला फोन आणि रूटमुळे बिघडलेला फोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिस्प्लेवर हिरवी रेघ आली, चार्जिंगची पिन सैल झाली, माइक गेला, यांचा सॉफ्टवेअरशी सहसा संबंध नसतो. लोगोवर अडकला, नेटवर्क गेलं, गरम होतो, बॅटरी लवकर संपते, यात संबंध असू शकतो, तपासावं लागतं. आणि तपासायचा सोपा मार्ग असतो, मूळ सॉफ्टवेअर टाकायचं आणि बघायचं की त्रास राहतो की जातो. आम्ही सेंटरला असताना मनात आणलं तर हे अर्ध्या तासाचं काम होतं.

एक गोव्याची गोष्ट मध्येच सांगून टाकतो कारण दर पावसाळ्यात हेच होतं. फोनच्या आत, सिमच्या खाचेत किंवा बोर्डाजवळ, पांढरी चिकटपट्टी असते, पाणी लागलं की ती लाल-गुलाबी होते. समुद्र, पाऊस, फेरीबोटीवरचे शिंतोडे, सांजांवच्या सणाला खिशात फोन ठेवून विहिरीत उडी मारणारे पण येतात माझ्याकडे. ही पट्टी लाल असली की वॉरंटी तिथेच अडते, मग रूट असो वा नसो. कित्येकदा माणूस समजतो रूटमुळे नाकारलं आणि जॉबशीटवर बघावं तर "लिक्विड डॅमेज" लिहिलेलं असतं. म्हणून परत सांगतो, लिहून घे.

कायद्याचं विचारशील तर इंटरनेटवर आपली मुलं युरोपचे दाखले देतात, की तिकडे रूट केलं तरी वॉरंटी जात नाही. ते तिकडचं खरं आहे बऱ्यापैकी. २०१२ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोपने तेव्हाच्या १९९९ च्या युरोपीय निर्देशाच्या आधारावर हेच म्हटलं होतं, की सॉफ्टवेअर बदललं म्हणून कायद्याने मिळालेली हमी जात नाही. आता २०१९ चा नवा निर्देश आहे, किमान दोन वर्षांची हमी, आणि पहिल्या वर्षात दिसलेला दोष मुळातच होता असं धरतात, तसा नव्हता हे विकणाऱ्याने दाखवायचं. पोर्तुगालने तर २०२२ पासून तीन वर्षं केली. हे मी इतकं सांगतो कारण आपल्याकडे पोर्तुगालचा पासपोर्ट काढून तिकडे गेलेले लोक घरोघरी आहेत आणि सुट्टीला येताना भावाला, पुतण्याला फोन आणतात. पण नीट ऐक, ती हमी तिकडच्या विकणाऱ्या दुकानाविरुद्ध असते. लिस्बनला घेतलेला फोन तू पणजीच्या सेंटरला नेऊन युरोपचा कायदा दाखवलास तर काही उपयोग नाही, तो फोन परत तिकडे पाठवावा लागेल. गल्फमधून किंवा जहाजावरून आणलेल्या फोनांचंही तेच, आधी इथे त्या रीजनची वॉरंटी चालते का ते बघ, रूटचा प्रश्न त्याच्या नंतर.

आपल्याकडे कायदा ग्राहक संरक्षण कायदा २०१९, लागू झाला २० जुलै २०२०. त्यात रूट हा शब्द कुठे नाही. पण सदोष वस्तू, सेवेतली त्रुटी, आणि ग्राहकावर लादलेला अन्याय्य करार, या तिन्ही गोष्टी आहेत, आणि बटणासाठी बूटलोडरचं कारण सांगणं हे यात कुठेतरी बसतं असं माझं प्रामाणिक मत आहे. त्याचबरोबर त्याच कायद्यात कलम ८७ आहे, वस्तूमुळे इजा किंवा नुकसान झालं तेव्हा वस्तूत फेरफार केलेला असेल तर विकणाऱ्यावर उत्पादन दायित्वाचा दावा लावता येत नाही. म्हणजे उद्या तुझ्या रूट केलेल्या फोनची बॅटरी पेटली आणि नुकसान झालं तर विकणाऱ्या दुकानावर बोट दाखवायला जागा राहत नाही. कायदा सगळा तुझ्या बाजूने आहे असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नको आणि सगळा विरुद्ध आहे असं म्हणणाऱ्यावरही नको.

तक्रार करायची वेळ आलीच तर आधी कंपनीला लेखी, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथे मराठीत बोलता येतं आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. फोन ऑनलाइन घेतला असेल तर ज्या साइटवरून घेतला तिच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकालात काढायची असा २०२० चा नियम आहे. त्याच्या पुढे जिल्हा ग्राहक आयोग, उत्तर गोव्याचा एक आणि दक्षिण गोव्याचा एक. पाच लाखापर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील लागतोच असं नाही, कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. आणि एक फार कामाची गोष्ट, कंपनीचं ऑफिस बेंगळुरूला असो की गुरगावला, तू जिथे राहतोस तिथल्या आयोगात तक्रार करता येते, आधीच्या कायद्यात हे नव्हतं. बघूनच सांगता येत नाही असा दोष असेल तर आयोग वस्तू लॅबला पाठवू शकतो. पण अठरा हजारांच्या फोनसाठी तू महिनोन्महिने तारखांना जाणार का हा विचार आधी कर, कॉलेज बुडवून.

वॉरंटी बाजूला ठेव, रूट केल्यावर रोजचा त्रास काय ते पण बघ, कारण माझ्याकडे रूट करून घेतलेले निम्मे लोक महिन्याभरात परत येतात की काढून द्या. बँकेची ॲप्स आणि यूपीआय. गूगलचं प्ले इंटेग्रिटी नावाचं तपासणं असतं, त्यात फोन अनलॉक आहे हे कळतं आणि ॲप चालू होत नाही. त्याला चुकवायचे मार्ग असतात, पण आज चालतात आणि पुढच्या आठवड्यात नाही, आणि मासळीवालीसमोर क्यूआर धरून उभं असताना ॲप उघडत नाही तेव्हा कळतं. अनलॉक केल्यावर बऱ्याच फोनांत सिनेमाची कॉपी रोखणारं वाइडवाइन एल वनवरून खालच्या एल थ्रीवर येतं, म्हणजे सिनेमाची ॲप्स एचडी दाखवत नाहीत. कंपनीचे अपडेट बरेचदा सरळ बसत नाहीत. आणि कुठल्याही ॲपला चुकून रूटची परवानगी दिलीस तर ते ॲप फोनमधलं सगळं वाचू शकतं, बाबांच्या खात्याचे ओटीपी सुद्धा त्यात आले.

सगळ्यात जास्त भीती मला आयएमईआयची, म्हणजे प्रत्येक फोनच्या ओळख नंबराची, वाटते. चुकीचं फ्लॅशिंग, म्हणजे कम्प्युटरवरून सॉफ्टवेअर टाकणं, झालं की मीडियाटेकच्या फोनांत एनव्हीरॅम, दुसऱ्या फोनांत ईएफएस, पर्सिस्ट असे भाग खराब होतात आणि स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की नंबर रिकामा किंवा भलताच येतो, नेटवर्क जातं. मग मुलं कुठल्यातरी टूलने नवा नंबर टाकायला जातात. ते करू नको, आणि कुणाला करायला सांगू पण नको. नंबर बदलणं हा गुन्हा आहे, २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी असा फोन दुकानात घेतच नाही, बिल दाखवून सर्व्हिस सेंटरलाच पाठवतो.

आता तुझ्या मूळ गरजेकडे. तुला रूट नकोय रे, तुला ती भरलेली ॲप्स नको आहेत. त्यासाठी बूटलोडरला हात लावायची गरज नाही. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डीबगिंग चालू कर, कम्प्युटरला लाव, आणि एडीबीने, म्हणजे कम्प्युटरवरून फोनला कमांड द्यायच्या टूलने, ते ॲप तुझ्या यूजरपुरतं अनइन्स्टॉल कर, युनिव्हर्सल अँड्रॉइड डीब्लोटर नावाचं फुकटचं टूल आहे त्यात नुसती यादी येते आणि कुठलं काढलं तर चालतं हे पण लिहिलेलं असतं. ॲपची मूळ फाइल सिस्टममध्ये राहते त्यामुळे जागा फारशी सुटत नाही, पण ते चालत नाही, दिसत नाही, जाहिराती दाखवत नाही, बॅटरी खात नाही. फॅक्टरी रिसेट मारलं की सगळं परत येतं, म्हणजे सेंटरला न्यायची वेळ आली तरी फोन जसाच्या तसा. डेटा जात नाही, बँकेची ॲप्सही साधारण चालतात, फक्त काम झाल्यावर डीबगिंग बंद कर कारण ते चालू असलं तर काही बँका तक्रार करतात. मात्र यादीत ओळखीचं नाव नसेल ते काढू नको, एकाने लाँचरच, म्हणजे होम स्क्रीन दाखवणारं ॲपच, काढला होता आणि काळी स्क्रीन घेऊन आला, रिसेट करून दिला. एका वेळी चार-पाच काढ, दोन दिवस वापर, मग पुढची.

एवढं करूनही तुला रूट शिकायचंच असेल, आणि शिकण्यासारखं आहे, मी स्वतः त्यातूनच शिकलो, तर बाबांनी घेतलेल्या वॉरंटीतल्या एकुलत्या एका फोनवर शिकू नको. घरात जुना फोन असेल, नसेल तर माझ्याकडे डिस्प्लेला तडा गेलेले पण चालणारे फोन पडलेले असतात, हजार-पंधराशेत मिळेल. त्याच्यावर अनलॉक कर, मॅजिस्क टाक, बिघडव, परत उभा कर. टाकण्याआधी त्याच मॉडेलचं त्याच रीजनचं पूर्ण मूळ सॉफ्टवेअर कम्प्युटरवर उतरवून ठेव, ते नसेल तर सुरूच करू नको. आणि जुनं व्हर्जन वरून टाकायला जाऊ नको, बऱ्याच फोनांत मागे जायला बंदी असते, अँटी-रोलबॅक म्हणतात, ती ओलांडली की फोन डेड.

आणि समजा नव्या फोनवर केलंसच आणि नंतर वॉरंटीचं काम निघालं, तर काउंटरवर खोटं बोलू नको. मी तिकडे बसलेलो असल्यामुळे सांगतो, मी काहीच केलं नाही म्हणणारा गिऱ्हाईक आणि समोर अनलॉकचा इशारा, तिथे पुढचं बोलणंच संपतं, मग बरोबर असलेल्या मुद्द्यालाही कुणी ऐकत नाही. सरळ सांगायचं की बूटलोडर अनलॉक केलाय, मूळ सॉफ्टवेअर टाकून बघितलं, त्रास तसाच आहे, हा त्याचा व्हिडिओ. आणि नाकारलं तर जॉबशीटवर कारण.

शनिवारी दुपारनंतर दुकानात ये, शुक्रवारी नको, बाजार असतो आणि मला मान वर करायला वेळ नसतो. बिल, बॉक्स आणि ते वॉरंटी कार्ड घेऊन ये, केबल चांगली आण. ॲप्स एडीबीने काढून देतो, तुला शिकवत शिकवत, आणि कार्डावर त्या दोन वाक्यांतलं कुठलं छापलंय ते आधी बघू.